मार्टिनी: जिन, वर्मूथ आणि मोजून घातलेलं पाणी

मार्टिनी या कॉकटेलमध्ये बाटलीतून येणाऱ्या गोष्टी दोनच: जिन आणि ड्राय वर्मूथ, म्हणजे वनस्पती मुरवलेली, गोड नसलेली वाइन. तिसरी गोष्ट बर्फातून येते. ती म्हणजे पाणी, आणि नेमकं तिच्याकडेच कुणाचं लक्ष नसतं. घरी केलेली मार्टिनी घशाला चटका देते किंवा मिळमिळीत लागते, तेव्हा दोष सहसा जिनचा नसतो. बर्फ कसा होता, किती होता आणि त्यात पेय किती वेळ फिरवलं, इथे गणित चुकलेलं असतं. म्हणून आधी कृती सरळ देऊन टाकतो आणि मग प्रत्येक पायरीमागचं कारण पाहू. कारण कळलं की प्रमाण आपल्या जिभेप्रमाणे बदलता येतं.

एका ग्लाससाठी

- लंडन ड्राय जिन: ६० मिली
- ड्राय वर्मूथ: १२ मिली, फ्रिजमधून काढलेलं
- ऑरेंज बिटर्स (संत्र्याच्या सालीचा कडवट अर्क): एक डॅश, म्हणजे बाटलीचा एक झटका, हवं असल्यास
- बर्फ: १५० ते २०० ग्रॅम, म्हणजे साधारण ३ सेंटिमीटरचे ६ ते ८ खडे
- वरून: पिवळ्या लिंबाच्या सालीची एक पट्टी किंवा एक हिरवा ऑलिव्ह

१. प्यायचा ग्लास निदान २० मिनिटं आधी फ्रीझरमध्ये ठेवा. जागा असेल तर ढवळायचं भांडंही ठेवा.

२. ढवळायच्या भांड्यात आधी वर्मूथ, मग जिन मोजून ओता. बर्फ सगळ्यात शेवटी. आधी बर्फ टाकून मग मोजामोज करत बसलात, तर तेवढ्या वेळात तो वितळायला लागतो आणि पाण्याचा हिशेब सुरुवातीलाच बिघडतो.

३. बर्फ द्रवाच्या पातळीच्या वर येईल इतका भरा. लांब दांड्याचा चमचा भांड्याच्या कडेने घाला आणि ३० सेकंद न थांबता फिरवा.

४. ग्लास फ्रीझरमधून काढा, पेय गाळून ओता.

५. सालीची पट्टी ग्लासवर धरून पिळा. ऑलिव्ह घालणार असाल तर साल नको. लगेच प्यायला द्या.

एवढंच. सगळं हाताशी असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.

पाणी किती आणि का

वरच्या प्रमाणात भांड्यात ७२ मिली द्रव जातो. जिन ४० टक्क्यांची आणि वर्मूथ १८ टक्क्यांचं धरलं, तर त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण २६ मिली, म्हणजे मिश्रण जवळपास ३६ टक्क्यांचं. हे असंच प्यायलं तर अल्कोहोलचा तिखटपणा आधी जाणवतो आणि जिनमधल्या जुनिपर (जिनला तिचा खास वास देणारं छोटं फळ), धणे, संत्र्याच्या सालीचा वास त्यामागे दबून जातो. ढवळताना त्यात १८ ते २० मिली पाणी उतरतं, एकूण पेय ९० मिलीच्या आसपास होतं आणि जोर २९ टक्क्यांवर येतो. चांगली मार्टिनी याच टापूत असते.

हे पाणी टाळायचं नसतं, आणि टाळताही येत नाही. एक ग्रॅम बर्फ १० अंशांनी तापायला फक्त ५ कॅलरी उष्णता घेतो, पण तोच ग्रॅम वितळायला ८० कॅलरी घेतो. म्हणजे पेय गार होतं ते मुख्यतः बर्फ वितळल्यामुळे. थंडावा आणि पाणी ही जोडगोळी आहे, एक हवं तर दुसरं येणारच. अल्कोहोल असल्यामुळे हे मिश्रण शून्याच्याही खाली जाऊ शकतं. नीट ढवळलेली मार्टिनी ग्लासात येते तेव्हा उणे ३ ते उणे ५ अंशांच्या घरात असते.

आपल्या बर्फाने किती पाणी सोडलं हे घरी सहज मोजता येतं. गाळलेलं पेय ग्लासात ओतण्याआधी एकदा मापात ओतून पाहा. ७२ मिली आत गेलं आणि ८८ ते ९२ बाहेर आलं, तर तुमचा बर्फ, तुमचं भांडं आणि तुमचा हात यांचं जमलं. ८५ च्या खाली असेल तर आणखी दहा सेकंद ढवळा. ९५ च्या वर गेलं तर बर्फ आधीच पाणावलेला होता, किंवा खडे बारीक होते. एकदा हे मोजून वेळ ठरवला की पुढे मोजायची गरज राहत नाही.

एक फसवी जागा मात्र आहे. बरेच जण जिनची बाटली फ्रीझरमध्ये ठेवतात. ४० टक्क्यांची जिन घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांत गोठत नाही, नुसती दाट होते, आणि ती दाट धार दिसायलाही छान असते. पण ती आधीच गार असल्यामुळे बर्फ फारसा वितळत नाही. ३० सेकंद ढवळूनही पाणी जेमतेम निम्मंच येतं आणि पेय भलतंच कडक लागतं. अशा वेळी १० मिली थंड पाणी मोजून घालायचं आणि थोडा वेळच ढवळायचं. मार्टिनीत हाताने पाणी घालायचं म्हटलं की काही जणांना धक्का बसतो, पण बर्फातून आलेलं पाणीही पाणीच असतं.

लंडनच्या ड्यूक्स बारची पद्धत याच्या अगदी उलट टोकाची आहे. तिथे फ्रीझरमधली जिन गोठवलेल्या ग्लासात थेट ओततात, बर्फ नाही, ढवळणं नाही, पाणी नाही. पेय रेशमासारखं दाट होतं, पण जोर जवळपास बाटलीतल्या जिनइतकाच राहतो. तिथे एका माणसाला दोनच मार्टिनी देतात ते उगीच नाही. घरी तो प्रकार करायचा असेल तर माप निम्मं करा.

बर्फ

ट्रेमधले पोकळ, अर्धवट गोठलेले किंवा पातळ चकत्यांसारखे खडे या कामाचे नाहीत. त्यांचा पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे ते भराभर वितळतात आणि पेय पुरेसं गार होण्याआधीच पाणचट होतं. मोठे, भरीव, चौकोनी खडे घ्या. सिलिकॉनचे साचे यासाठी सगळ्यात सोयीचे. एकच अवाढव्य गोळा मात्र नको. तो ढवळता येत नाही आणि पेयाला सगळीकडून भिडत नाही.

बर्फ थेट फ्रीझरमधून काढलेला, कोरडा हवा. बादलीत अर्धा तास पडलेल्या खड्यांवर पाण्याचा थर असतो. तो काहीही गार न करता सरळ पेयात मिसळतो. दुसरा पर्याय नसेल तर खडे गाळणीत झटकून, स्वच्छ कापडाने टिपून घ्या. त्याने बराच फरक पडतो.

आणि बर्फाचा वास घ्या. खरंच घ्या. उघड्या ट्रेमधला बर्फ फ्रीझरमधल्या मासळीचा, लसणाचा, जुन्या पिशव्यांचा वास ओढून घेतो, आणि मार्टिनीत तो लपवायला साखर नाही, फळाचा रस नाही, काहीच नाही. पेयाचा पाचवा हिस्सा या बर्फाचंच पाणी आहे. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर गाळलेलं पाणी गोठवा आणि ट्रे झाकून ठेवा.

जिन

पहिल्या मार्टिनीसाठी साधी, जुनिपर ठळक असलेली लंडन ड्राय जिन घ्या: बीफईटर, टँकरे, गॉर्डन्स यांपैकी कोणतीही चालेल. प्लिमथ जिन थोडी मऊ असते, तीही उत्तम. एकाच ब्रँडचं अल्कोहोलचं प्रमाण वेगवेगळ्या बाजारपेठांत वेगळं असू शकतं, त्यामुळे लेबल वाचा. ४० टक्क्यांच्या आणि ४७ टक्क्यांच्या जिनमध्ये मार्टिनीपुरता मोठा फरक आहे. ४७ टक्क्यांची जिन वापरली तर वरच्याच प्रमाणात पेय ३३-३४ टक्क्यांवर जातं. तिला ४० ते ४५ सेकंद ढवळा किंवा वर्मूथ १५ मिलीपर्यंत न्या. तिचा फायदा असा, की पाणी मिसळल्यावरही चव भक्कम राहते. ३७.५ टक्क्यांच्या जिनचं नेमकं उलटं होतं: पाणी पडलं की ती फिकी पडते.

काकडी, गुलाब, फुलं, बेरी अशा वासांच्या जिन टॉनिकबरोबर छान लागतात. मार्टिनीत मात्र त्यांचं वर्मूथशी जमेलच असं नाही. रंगीत आणि गोड जिन तर बाजूलाच ठेवा. ओल्ड टॉम प्रकारची जिन मुळातच किंचित गोड असते. तिची मार्टिनी वाईट नसते, पण क्लासिक म्हणतात ती नव्हे.

फार महागडी जिन घ्यायची गरज नाही. त्या पैशांत ताजं वर्मूथ आणा, चव जास्त सुधारेल.

वर्मूथ, म्हणजे जिथे सगळे चुकतात ती जागा

वर्मूथ ही वाइन आहे. वनस्पती मुरवलेली, थोडं अल्कोहोल घालून १५ ते १८ टक्क्यांपर्यंत नेलेली, पण वाइनच. ती दारूच्या कपाटात, जिन आणि व्हिस्कीच्या शेजारी वर्षभर उघडी ठेवली की हवा लागून खराब होते. वर्मूथ नकोच म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांनी ताजं वर्मूथ कधी चाखलेलंच नसतं. त्यांच्या ग्लासात आलेलं असतं आठ महिन्यांपूर्वी उघडलेल्या बाटलीतलं, आणि ते न आवडणं बरोबरच आहे.

नियम सोपे आहेत. उघडलेली बाटली घट्ट बुचाने बंद करून फ्रिजमध्ये ठेवायची. महिनाभरात संपवायची. सहा आठवड्यांनंतर ती मार्टिनीसाठी नाही, रस्सा आणि सॉससाठी आहे. ३७५ मिलीची लहान बाटली मिळत असेल तर तीच घ्या. मोठीच मिळाली तर उघडल्या दिवशीच निम्मं वर्मूथ लहान स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून बंद करा. काठोकाठ याला महत्त्व आहे, कारण वरच्या मोकळ्या जागेतली हवाच ते बिघडवते. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहून ठेवा.

वापरण्याआधी चमचाभर नुसतं चाखा. ताज्या ड्राय वर्मूथला फुलांचा, ओल्या गवताचा, किंचित कडवट वास असतो आणि चव स्वच्छ आंबट. रंग गडद पिवळा झाला असेल, सुक्या मेव्यासारखा शिळा वास किंवा व्हिनेगरची झाक येत असेल, तर ते ग्लासात नको.

दोन फ्रेंच वर्मूथ ओळखीची असावीत. डोलँ हे आल्प्सच्या पायथ्याच्या शाँबेरीचं. हलकं, फुलांच्या अंगाने जाणारं. न्वायी प्रात हे दक्षिण किनाऱ्यावरच्या मार्सेयाँचं. त्याची वाइन ओकच्या पिंपांत उघड्या आकाशाखाली ठेवतात, त्यामुळे ते जास्त भारदस्त असतं, त्यात थोडा सुक्या मेव्याचा बाज असतो. म्हणजे या झाकेवरून त्याला शिळं ठरवू नका. ताज्या बाटलीची चव एकदा लक्षात ठेवली की बिघाड त्याच्याशी ताडून कळतो. नाजूक जिनबरोबर डोलँ, ठसठशीत जिनबरोबर न्वायी प्रात, अशी सुरुवात करायला हरकत नाही.

खरेदीत एक घोळ हमखास होतो. ‘मार्टिनी’ हे एका इटालियन वर्मूथच्या ब्रँडचंही नाव आहे. त्या बाटलीत तयार कॉकटेल नसतं. शिवाय त्याच ब्रँडची गोड लाल, गोड पांढरी आणि एक्स्ट्रा ड्राय अशी वेगवेगळी वर्मूथ असतात. पांढरं दिसलं म्हणून ‘बियांको’ उचललंत तर मार्टिनी गोड होईल. लेबलवर ‘ड्राय’ किंवा ‘एक्स्ट्रा ड्राय’ पाहा.

प्रमाणाचा वाद

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या अधिकृत कृतीत ६० मिली जिनला १० मिली ड्राय वर्मूथ आहे, म्हणजे सहास एक. आम्ही १२ मिली लिहिलं, म्हणजे पाचास एक. ताजं वर्मूथ असेल तर त्या दोन मिलीने पेयाला गोलाई येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोनास एक किंवा समसमान प्रमाणही सर्रास चालत होतं. पुढे वर्मूथ कमी कमी होत गेलं आणि शेवटी नुसतं ग्लासाला फासून फेकून देण्यापर्यंत मजल गेली.

जीभ बसवायची असेल तर तीन प्रमाणं ओळीने करून पाहावीत, वेगवेगळ्या दिवशी:

- समसमान: ४० मिली जिन, ४० मिली वर्मूथ. जोर बराच कमी, सुगंध भरपूर. जेवणाआधी हलकं हवं असेल तर हीच करा. ऑरेंज बिटर्स इथे खरोखर शोभतात. वर्मूथ जास्त असल्यामुळे २०-२५ सेकंद ढवळणं पुरतं.
- तीनास एक: ५४ मिली जिन, १८ मिली वर्मूथ. दोन्ही चवी वेगळ्या ओळखू येतात.
- पाचास एक किंवा सहास एक: जिन पुढे, वर्मूथ मागे. आज ‘ड्राय मार्टिनी’ मागितली की साधारण हे मिळावं.

याच्याही पुढे, दहास एक किंवा नुसता वर्मूथचा शिडकावा, हा प्रत्येकाच्या आवडीचा प्रश्न आहे. पण तिथे एक व्यावहारिक अडचण येते. वर्मूथचे मिली कमी केले की पेयाचा एकूण जोर वाढतो, आणि तो सावरायला जास्त ढवळावं लागतं. फार कमी वर्मूथ आणि कमी ढवळणं एकत्र आलं की ग्लासात फक्त गार जिन उरते.

मोजताना डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. १० आणि १५ मिलीतला फरक या पेयात लगेच जाणवतो. जिगर, म्हणजे बारमधलं छोटं माप, नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारं मिलीच्या खुणांचं झाकण स्वच्छ धुऊन वापरा, ते बरंच अचूक असतं. साधा चहाचा चमचा ५ मिलीचा धरतात, पण घरातले चमचे तीन मिलीपासून सहा मिलीपर्यंत काहीही असू शकतात.

ढवळणं

खास मिक्सिंग ग्लास हवाच असं नाही. सरळ उभ्या भिंतीचं, अर्धा लिटरचं कोणतंही भांडं चालतं. जाड काचेचं भांडं मात्र आधी गार केलेलं हवं. खोलीच्या तापमानाची अर्धा-पाऊण किलोची काच पेयाआधी स्वतःच बर्फाचा थंडावा खाऊन टाकते, आणि तेवढं जास्तीचं पाणी पेयात उतरतं. पातळ स्टीलचं भांडं इथे जास्त शहाणं. ते लगेच गार होतं, फक्त आतलं दिसत नाही.

चमच्याची पाठ भांड्याच्या भिंतीला टेकलेली ठेवायची आणि दांडी बोटांमध्ये सैल धरून गोल फिरवायचं. मनगट फारसं हलत नाही. सगळा बर्फ एकसंध, एकाच गतीने फिरला पाहिजे. खडे एकमेकांवर आपटल्याचा खडखडाट येत असेल तर चमचा मध्ये घुसला आहे. आपटलेल्या खड्यांचे तुकडे उडतात आणि पेयात हवा शिरते. नीट जमलं की आवाज जवळजवळ येत नाही. पंधराव्या सेकंदाच्या आसपास भांड्याच्या बाहेरून धुकं धरतं. तिथे थांबायचा मोह होतो, थांबू नका. तिसाव्या सेकंदाला चमच्यावर थेंब घेऊन चाखा. नुसता चटका लागला तर अजून पाच-सात फेऱ्या. चटका जाऊन किंचित गोडसर, गुळगुळीत वाटलं की गाळा.

शेकरमध्ये घुसळलं तर? सिनेमातल्या जेम्स बाँड या प्रसिद्ध गुप्तहेरामुळे हा प्रश्न सुटत नाही. घुसळल्याने पेय लवकर आणि थोडं जास्त गार होतं, पण पाणीही जास्त मिसळतं, हवेचे बारीक बुडबुडे शिरतात आणि बर्फाचे कण तरंगतात. दिसायला गढूळ, जिभेवर पातळ. लिंबाचा रस, साय किंवा अंड्याचा पांढरा भाग असलेल्या पेयांना ती हवा लागते. मार्टिनीत फक्त दारूच आहे, तिचा गुण जड, रेशमी पोत हाच, आणि हवा तोच घालवते. तरीही कुणाला घुसळलेलीच आवडत असेल, तर दहा सेकंद पुरे आणि बारीक जाळीच्या गाळणीतून दुसऱ्यांदा गाळा. व्होडका मार्टिनीत हे त्यातल्या त्यात खपतं.

गाळण्यासाठी बारची गाळणी नसेल तर स्वच्छ चहागाळणी चालते. स्वच्छ म्हणजे खरोखर स्वच्छ. चहाचा किंवा साबणाचा जरासा वास राहिला तरी पेयात उतरतो.

ग्लास

पेय ९० मिली होणार, तर ग्लास १२० ते १५० मिलीचा हवा. दुकानात दिसणारे २५०-३०० मिलीचे पसरट त्रिकोणी ग्लास देखणे असतात, पण त्यांत ९० मिली पेय तळाशी बिचारं दिसतं. मग यजमान ते भरायला जातो, दुप्पट माप ओततो आणि निम्मं पेय कोमट होऊन उरतं. उथळ गोल कूप किंवा लहान, उभट निक अँड नोरा ग्लास असेल तर उत्तम. त्यांतून हिंदकळतही नाही.

ग्लास दांडीला धरूनच उचला आणि दांडीला धरूनच पुढे करा. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर ग्लासात बर्फ आणि पाणी भरून ठेवा आणि ओतायच्या क्षणी रिकामा करून झटका. पुसायला कापड वापरलंत तर त्याचे धागे काचेला चिकटतात.

मार्टिनी पाच-दहा मिनिटांत प्यायची गोष्ट आहे. गरम होत गेली की अल्कोहोल वर येतं आणि शेवटचे घोट रुसतात. म्हणून मोठ्या एकापेक्षा लहान दोन बरे. पण एका ग्लासात २६ मिली शुद्ध अल्कोहोल आहे हे विसरू नका. वाइनसारखी ती पीत बसता येत नाही, आणि त्यानंतर गाडी चालवायची नाही.

साल की ऑलिव्ह

साल घ्यायची ती जाड सालीच्या पिवळ्या लिंबाची, ज्याला लेमन म्हणतात. हिरव्या कागदी लिंबाची साल पातळ, आणि तिच्या तेलाचा उग्र वास जिनवर कुरघोडी करतो. फळावर मेणाचा थर असेल तर कोमट पाण्याने घासून धुवा आणि पूर्ण कोरडं करा. मग सालकाढणीने साधारण ५ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद पट्टी काढा. आतला पांढरा भाग जेवढा कमी तेवढं चांगलं, कडवटपणा त्यात असतो. पट्टी आधीपासून कापून ठेवू नका, तेल उडून जातं.

पिवळी बाजू पेयाकडे ठेवून ग्लासच्या वर चार बोटं अंतरावर पट्टी दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि झटकन दुमडा. उजेडात पाहिलं तर तेलाचा बारीक फवारा दिसतो आणि पेयावर चकाकणारे ठिपके उमटतात. तीच पट्टी ग्लासच्या कडेवरून एकदा हलकेच फिरवा. पुढे ती आत टाकायची की फेकायची हे तुमच्यावर. आत टाकली तर हळूहळू कडवटपणा उतरतो, आम्हाला ती बाहेर बरी वाटते.

ऑलिव्ह खाऱ्या पाण्यातले हिरवे घ्या, तेलातले नाही. तेलातल्यांनी पेयावर ओशट तवंग येतो आणि तो काहीही केलं तरी जात नाही. बरणीतून काढून पाण्याखाली धुवा, टिपा आणि फ्रिजमध्ये गार करा. खोलीच्या तापमानाचे तीन मोठे ऑलिव्ह ९० मिली पेय चांगलंच तापवतात. एक पुरे, फार तर तीन लहान. चीज किंवा लसूण भरलेले ऑलिव्ह खायला द्या, ग्लासात नको.

ऑलिव्हऐवजी व्हिनेगरमधला छोटा पांढरा कांदा घातला की तिला गिब्सन म्हणतात. ऑलिव्हच्या बरणीतलं खारं पाणी घातलं की डर्टी. त्यासाठी ५ मिलीपासून सुरुवात करा, १० च्या पुढे गेलात तर मिठाशिवाय काही लागणार नाही. ते पाणी बारीक गाळणीतून गाळून, गार करून घाला. डर्टी मार्टिनी गढूळच दिसते, तो दोष नाही. जिनच्या जागी व्होडका घेतली तर व्होडका मार्टिनी. व्होडकाला स्वतःचा सुगंध नसल्यामुळे तिथे वर्मूथ कमी करण्याऐवजी थोडं वाढवणंच शहाणपणाचं: ६० मिलीला १५.

बिघडली तर

पाणचट लागते: बर्फ बारीक किंवा ओला, भांडं गरम, किंवा ढवळणं लांबलं. पुढच्या वेळी यांपैकी एकच गोष्ट बदला, तिन्ही एकदम नको, नाहीतर कारण कळत नाही. हातातली वाचवायची तर १० मिली फ्रीझरमधली जिन घाला.

चटका देते: कमी ढवळली, किंवा जिन-बर्फ दोन्ही अतिथंड होते. परत बर्फात ओतून दहा सेकंद फिरवा.

गार आहे, तरी बेचव: जवळजवळ नेहमीच शिळं वर्मूथ. क्वचित ३७.५ टक्क्यांची जिन.

गढूळ झाली: घुसळली असेल, बर्फ आपटला असेल, किंवा जिनच तेलं जास्त असलेली आहे. काही जिनमध्ये वनस्पतींची तेलं इतकी असतात की पाणी पडल्यावर ती विरघळलेली राहत नाहीत आणि पेयाला धुरकट छटा येते. चव बिघडत नाही.

शेवटी कडू लागते: सालीचा पांढरा भाग, किंवा बिटर्स जास्त.

दोघांसाठी आणि जास्त पाहुण्यांसाठी

दोघांची एकाच भांड्यात होते: १२० मिली जिन, २४ मिली वर्मूथ, ३०० ग्रॅम बर्फ, ४० ते ४५ सेकंद. ओतताना एक ग्लास पूर्ण भरून मग दुसरा भरू नका. थोडं इकडे, थोडं तिकडे, म्हणजे शेवटचं पाणचट पेय एकाच्याच वाट्याला येत नाही.

चारच्या पुढे माणसं असतील तर ढवळत बसण्यापेक्षा बाटली भरून ठेवा. ७५० मिलीच्या स्वच्छ बाटलीत ४८० मिली जिन, ९६ मिली वर्मूथ आणि १४४ मिली गाळलेलं पाणी. हे ७२० मिली होतं, म्हणजे ९० मिलीचे आठ ग्लास. बर्फातून येणारं पाणी इथे आपणच घातलं आहे, तेव्हा पुन्हा बर्फात ढवळायचं नाही. बिटर्स आठ नको, पाच डॅश पुरे. साठवणीत त्यांची चव पसरते.

बाटली फ्रीझरमध्ये किती वेळ ठेवायची हे जिनवर अवलंबून आहे. ४० टक्क्यांच्या जिनचं हे मिश्रण २९ टक्क्यांवर येतं आणि उणे १८ अंशांत रात्रभर राहिलं तर त्यात बर्फाचे कण धरतात. तसं झालं तर बाटली ओट्यावर दहा मिनिटं ठेवली की सुटतं. बरं म्हणजे आदल्या दिवशी फ्रिजमध्ये आणि पाहुणे यायच्या दोन-तीन तास आधी फ्रीझरमध्ये. ४७ टक्क्यांच्या जिनला हा त्रास कमी. बाटली गळ्यापर्यंत भरू नका. कण धरले तर मिश्रण फुगतं आणि काच तडकू शकते. वर्मूथ आत असल्यामुळे ही बाटली दोन-तीन आठवड्यांत संपवावी.

ओतण्याआधी बाटली दोनदा हलकेच उलटीसुलटी करा, आपटू नका. ग्लास फ्रीझरमधून एकेक करूनच काढा आणि साल प्रत्येकासाठी त्याच वेळी कापा.